करसनदास मुळजी : धर्मगुरूंना प्रश्न विचारणारा संपादक

मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल १८६२ रोजी एका अब्रुनुकसानीच्या दाव्याचा निकाल दिला. वादी एका मोठ्या वैष्णव संप्रदायाचे वंशपरंपरागत धर्मगुरू होते आणि प्रतिवादी त्याच संप्रदायात जन्मलेला, तिशीही न गाठलेला एक पत्रकार होता. धर्मगुरूंनी पन्नास हजार रुपयांची भरपाई मागितली होती. मुख्य मुद्द्यावर निकाल पत्रकाराच्या बाजूने लागला. ‘महाराज लायबल केस’ या नावाने हा खटला इतिहासात नोंदला गेला आणि त्यातील प्रतिवादी करसनदास मुळजी यांचे नाव पश्चिम भारतातील समाजसुधारणेच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले.

करसनदासांची मातृभाषा गुजराती होती आणि त्यांचे बहुतेक लेखनही गुजरातीत झाले. मात्र त्यांचा जन्म, शिक्षण, वृत्तपत्र आणि संघर्ष हे सारे मुंबईत घडले. बाळशास्त्री जांभेकर, दादोबा पांडुरंग आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कार्यामुळे ज्या मुंबईत नवविचारांचे वारे वाहू लागले होते, तीच ही मुंबई. त्यामुळे करसनदासांचे चरित्र हा महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासाचाही एक भाग ठरतो.

बालपण आणि पहिला बहिष्कार

करसनदास यांचा जन्म २५ जुलै १८३२ रोजी मुंबईत कपोळ वाणी समाजातील एका कुटुंबात झाला. लहानपणीच मातृछत्र हरपल्याने आजोळच्या एका वृद्ध नातलग स्त्रीने त्यांचा सांभाळ केला. घरातील वातावरण धार्मिक होते. वल्लभ संप्रदायातील इतर कुटुंबांप्रमाणे या घरातही महाराजांचे दर्शन, हवेलीतील सेवा आणि वर्षभरातील उत्सव यांना मोठे स्थान होते.

एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षणामुळे त्यांच्यापुढे एक वेगळे जग खुले झाले. तेथील विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्थापन केलेल्या मंडळ्यांमध्ये विज्ञान, इतिहास, स्त्रीशिक्षण आणि जुन्या रूढी अशा विषयांवर निबंध वाचले जात. दादाभाई नौरोजी हे या वर्तुळातील एक प्रमुख नाव होते. दादाभाईंनी १८५१ साली सुरू केलेल्या ‘रास्त गोफ्तार’ या पत्रात करसनदासही लिहू लागले.

याच सुमारास विधवाविवाहाच्या विषयावर एक निबंधस्पर्धा जाहीर झाली. विधवांच्या पुनर्विवाहाला अनुकूल असा निबंध करसनदासांनी लिहावयास घेतला. त्याचा कच्चा मसुदा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या हाती लागला आणि करसनदासांना घर सोडावे लागले. त्या वेळी ते जेमतेम वीस-एकवीस वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षणही पूर्ण झाले नव्हते. पुढे शेठ गोकुळदास तेजपाल यांच्या शाळेत त्यांना मुख्याध्यापकाची नोकरी मिळाली आणि त्यांची उपजीविका सुरू झाली. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा सरकारने १८५६ साली केला, म्हणजे ही घटना घडली तेव्हा अशा विवाहाला कायद्याचाही आधार नव्हता.

‘सत्यप्रकाश’ची सुरुवात

करसनदासांनी १८५५ साली ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती साप्ताहिक सुरू केले. ‘रास्त गोफ्तार’चा वाचकवर्ग प्रामुख्याने पारशी होता. गुजराती हिंदू समाजातील प्रश्नांविषयी स्पष्टपणे लिहिणारे पत्र असावे, हा नव्या साप्ताहिकामागील हेतू होता. विवाहप्रसंगी म्हटली जाणारी अश्लील गाणी, बालविवाह, मृत्यूनंतर ऊर बडवून शोक करण्याची पद्धत, जातिभोजनांवरील उधळपट्टी आणि परदेशगमनावरील बंदी हे त्यातील लेखांचे विषय असत. स्त्रियांसाठी निघणाऱ्या ‘स्त्रीबोध’ या मासिकाच्या संपादनाची जबाबदारीही त्यांनी काही काळ सांभाळली.

त्याच काळात मुंबईत मराठी भाषिक सुधारकांचीही चळवळ सुरू होती. १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिभेद आणि मूर्तिपूजा नाकारणारे तरुण एकत्र येत. तथापि त्या सभेचे कामकाज गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कळीत झाली. करसनदासांनी उघडपणे, छापील लेखांतून बोलण्याचा मार्ग पत्करला. त्या काळात जातीबाहेर टाकलेल्या माणसाचे सोयरिकी, व्यापार आणि अंत्यसंस्कार असे सर्वच व्यवहार बंद होत. या मार्गाची किंमत किती असू शकते, हे त्यावरून लक्षात येते.

संप्रदाय आणि त्याचे महाराज

वल्लभाचार्यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकात पुष्टिमार्गाची स्थापना केली. शुद्धाद्वैत हे त्यांचे तत्त्वज्ञान. ईश्वराची कृपा हीच मुक्तीची वाट आहे, असे हा मार्ग मानतो आणि बाळकृष्णाच्या प्रेमपूर्ण सेवेला त्यात सर्वाधिक महत्त्व आहे. वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ यांच्या सात मुलांपासून संप्रदायाच्या सात गाद्या निर्माण झाल्या. गुरुपद वंशपरंपरेने चालू राहिले आणि या गुरूंना महाराज असे संबोधले जाऊ लागले. राजस्थान, गुजरात, काठेवाड आणि मुंबईतील भाटिया, लोहाणा व वाणी व्यापाऱ्यांमध्ये संप्रदायाचा मोठा प्रसार झाला.

तन, मन आणि धन ईश्वराला अर्पण करणे हा या संप्रदायातील दीक्षेचा गाभा होय. वादाचा उगमही याच ठिकाणी होता. हे अर्पण श्रीकृष्णाला करावयाचे असून गुरू केवळ माध्यम आहे, असे संप्रदायातील अनेक जाणकार सांगत आले आहेत. मात्र गुरू हे कृष्णाचेच रूप आहेत आणि म्हणून गुरूला केलेले अर्पण हे ईश्वरालाच केलेले अर्पण आहे, असा समज एकोणिसाव्या शतकात भाविकांमध्ये रूढ झाला होता. या समजाचा काही महाराज गैरफायदा घेतात, भक्तांच्या घरातील स्त्रियांशी त्यांचे वर्तन अनैतिक असते आणि भीतीपोटी किंवा श्रद्धेपोटी कुटुंबे गप्प राहतात, असा सुधारकांचा आक्षेप होता.

महाराजांचे सामर्थ्य केवळ श्रद्धेवर उभे नव्हते. व्यापाऱ्यांकडून मालाच्या व्यवहारावर त्यांच्यासाठी ठरावीक लागा घेतला जाई. दर्शन, चरणस्पर्श आणि झुल्याची सेवा यांसाठीही दक्षिणा द्यावी लागे. महाराजांना न्यायालयात साक्षीसाठी बोलावले जाऊ नये, यासाठी त्यांचे अनुयायी प्रयत्नशील होते. १८५० च्या दशकाच्या अखेरीस जीवनलालजी महाराजांनी आपल्या अनुयायांकडून एका करारावर सह्या घेतल्या. महाराजांविरुद्ध लिहिणाऱ्यास जातीबाहेर काढण्याचे बंधन त्यात होते. करसनदासांनी आपल्या पत्रातून या कराराला गुलामीखत असे नाव दिले आणि तेच नाव लोकांच्या तोंडी रुळले.

एक लेख आणि त्याचे पडसाद

१८६० साली सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज मुंबईत आले. सुरुवातीला त्यांनी मुलींच्या शिक्षणाबाबत अनुकूलता दाखवली, त्यामुळे सुधारकांनी त्यांचे स्वागतच केले होते. पुढे विधवाविवाहाच्या प्रश्नावर कवी नर्मदाशंकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि दोन्ही पक्षांतील अंतर वाढत गेले. सुधारकांना उत्तर देण्यासाठी महाराजांच्या पक्षाने स्वतःचे नियतकालिकही सुरू केले.

या पार्श्वभूमीवर २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’मध्ये करसनदासांचा लेख प्रसिद्ध झाला. हिंदूंचा मूळ धर्म कोणता आणि सध्याची पाखंडी मते कोणती, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. वल्लभ संप्रदाय हा नंतरच्या काळात निर्माण झालेला पंथ आहे, असे त्यात म्हटले होते. संप्रदायातील गोकुलनाथजींच्या नावावर असलेल्या एका टीकेचा आधार घेऊन, भक्ताने आपली पत्नी व कन्यादेखील गुरूला अर्पण करावी अशी शिकवण दिली जाते, असा आरोप लेखात केला होता. लेखाच्या अखेरीस जदुनाथजी महाराजांना थेट उद्देशून, इतरांना धर्म शिकवण्यापूर्वी महाराजांनी आपल्या वर्गाचे आचरण सुधारावे, असे आवाहन करण्यात आले होते.

लेखात धर्म नाकारलेला नव्हता, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागेल. धर्माच्या नावाखाली चाललेले आचरण धर्मशास्त्राशीच विसंगत आहे, असा करसनदासांचा युक्तिवाद होता. ते स्वतः अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ख्रिस्ती मिशनऱ्यांची टीका आणि त्यांची टीका यांतील मुख्य फरक हाच होता.

सुमारे सात महिन्यांनी, १४ मे १८६१ रोजी, जदुनाथजी महाराजांनी करसनदास आणि ‘सत्यप्रकाश’चे मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्याविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. त्याच वर्षी ‘सत्यप्रकाश’ हे पत्र ‘रास्त गोफ्तार’मध्ये विलीन झाले. आपल्यावरील आरोप खोटा आहे असे महाराजांचे म्हणणे होते. आपण लिहिले ते सत्य आहे आणि लोकहितासाठी लिहिले आहे, असे करसनदासांनी उत्तर दिले.

साक्षीदारांवर दबाव

खटला उभा राहण्यापूर्वीच एक नवी अडचण निर्माण झाली. महाराजांविरुद्ध साक्ष कोण देणार, हा तो प्रश्न होता. भाटिया समाजाच्या काही पुढाऱ्यांनी बैठक घेऊन महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास जातीबाहेर काढण्याचा निर्णय घेतला. करसनदासांनी याविरुद्ध न्यायालयात तक्रार केली. न्यायदानात अडथळा आणण्याच्या कटाचा आरोप या पुढाऱ्यांवर सिद्ध झाला आणि १८६१ च्या डिसेंबर महिन्यात त्यांना दंड झाला. भाटिया कट खटला म्हणून हे प्रकरण ओळखले जाते.

या निकालाचा परिणाम मोठा होता. साक्ष देऊ इच्छिणाऱ्यांना थोडा धीर आला. जातीची पंचायत आणि सरकारी न्यायालय यांपैकी कोणाचा शब्द अखेरचा, याचे उत्तरही या निमित्ताने मुंबईच्या व्यापारी समाजाला मिळाले.

सरकारच्या दृष्टीने हा काळ नाजूक होता. १८५७ च्या उठावाला जेमतेम साडेचार वर्षे झाली होती आणि झाशीचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडून चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १८५४ साली झाशी संस्थान खालसा झाल्यावर तेथे गोहत्येला मुभा देण्यात आली आणि त्यामुळे प्रजेत मोठा असंतोष पसरला होता. धर्मात केलेली ढवळाढवळ राज्याला किती महागात पडते, याचा धडा मिळाल्यानंतर १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे आश्वासन दिले होते. अशा वेळी एका धर्मगुरूच्या आचरणाची उघड न्यायालयात चिकित्सा होणार होती. करसनदासांना सरकारचे पाठबळ होते असे मानणे त्यामुळे योग्य ठरणार नाही. धर्मगुरूंनी स्वतः दावा दाखल केल्यामुळेच हा विषय न्यायालयापुढे आला.

खटल्याची सुनावणी

२५ जानेवारी १८६२ रोजी सुनावणी सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हावयाची होती. त्यापूर्वीच्या सर्वोच्च न्यायालयात, मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे आणि न्यायाधीश सर जोसेफ अर्नोल्ड यांच्यापुढे हे प्रकरण चालले. महाराजांची बाजू बेली आणि स्कोबल या बॅरिस्टरांनी मांडली, तर करसनदासांच्या वतीने अँस्टी आणि डनबार उभे राहिले. दोन्ही बाजूंचे मिळून साठाहून अधिक साक्षीदार तपासण्यात आले. न्यायालयात प्रवेश मिळवण्यासाठी गर्दी होई आणि वृत्तपत्रांतून कामकाजाचे सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध होत.

जदुनाथजी महाराज स्वतः साक्षीसाठी न्यायालयात आले. ज्यांच्या चरणस्पर्शासाठी भाविक रांगा लावत, त्या धर्मगुरूंना सामान्य पक्षकाराप्रमाणे उलटतपासणीला सामोरे जावे लागले, हे दृश्य त्या काळातील मुंबईकरांना अभूतपूर्व वाटले. महाराजांनी आपल्यावरील सर्व आरोप नाकारले. प्रतिवादीच्या बाजूने मथुरादास लवजी आणि लखमीदास खिमजी या भाटिया समाजातील व्यक्तींनी साक्ष दिली. जातीचा रोष पत्करूनही ते उभे राहिले, त्यामुळे त्यांच्या साक्षींना विशेष महत्त्व प्राप्त झाले. कवी नर्मदाशंकर यांचीही साक्ष झाली.

संप्रदायाच्या ग्रंथांविषयी डॉ. जॉन विल्सन यांची साक्ष नोंदवण्यात आली. स्कॉटिश मिशनरी आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक असलेले विल्सन १८२९ पासून मुंबईत कार्यरत होते. वल्लभ संप्रदायाची शिकवण प्राचीन हिंदू धर्मग्रंथांशी जुळत नाही, असे मत त्यांनी मांडले.

डॉ. भाऊ दाजी यांची साक्ष

मराठी वाचकांना परिचित असलेले एक नाव या खटल्यात ठळकपणे पुढे आले. ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्यातील मांद्रे येथे १८२४ साली जन्मलेले भाऊ दाजी १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजमधून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील डॉक्टर होते. वैद्यक, पुराणवस्तू, शिलालेख आणि स्त्रीशिक्षण अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी काम केले. मुंबईतील धनिक घराण्यांत त्यांचे जाणे-येणे होते आणि महाराजांपैकी काहींवर त्यांनी उपचारही केले होते.

डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी न्यायालयात दिलेली साक्ष निर्णायक ठरली. महाराजांना झालेला आजार लैंगिक संबंधांतून होणारा होता, असे त्यांच्या साक्षीतून पुढे आले. ग्रंथांतील वचनांच्या अर्थाविषयी दोन पंडितांची दोन मते असू शकतात. रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा पुरावा मात्र वेगळ्या स्वरूपाचा होता. आरोप प्रचलित अफवांवर आधारलेला आहे, हा वादीचा मुद्दा या साक्षींमुळे दुर्बळ झाला. रुग्णाची माहिती उघड करणे हा डॉक्टरांपुढील कठीण नैतिक प्रश्न होता, तथापि शपथेवर विचारलेल्या प्रश्नांना खरे उत्तर देणे त्यांना बंधनकारक होते.

निकाल आणि त्याचा अर्थ

सुनावणी संपल्यानंतर काही आठवड्यांनी, २२ एप्रिल १८६२ रोजी, निकाल देण्यात आला. करसनदासांनी केलेले आरोप पुराव्याने सिद्ध झाले आहेत, असा मुख्य निष्कर्ष निघाला. करसनदासांना खटल्याच्या खर्चापोटी ११,५०० रुपये मंजूर झाले. त्यांचा प्रत्यक्ष खर्च यापेक्षा अधिक होता.

न्यायाधीश अर्नोल्ड यांच्या निकालपत्रातील भूमिका विशेष गाजली. जे नीतीच्या दृष्टीने चुकीचे आहे ते धर्मशास्त्राच्या दृष्टीने योग्य ठरू शकत नाही, असा तिचा आशय होता. न्यायालयापुढचा प्रश्न संप्रदायाच्या उपासनेचा नसून, सार्वजनिक स्थान असलेल्या व्यक्तींच्या आचरणाचा आहे आणि त्याविषयी लिहिणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य आहे, असा विचार त्यातून पुढे आला. याच न्यायाधीशांनी १८६६ साली खोजा समाज आणि आगाखान यांच्यातील वादाचाही निकाल दिला. धार्मिक समाजांच्या अंतर्गत वादांमध्ये न्यायालयांची भूमिका कोणती असावी, या चर्चेत हे दोन्ही निकाल आजही अभ्यासले जातात.

इंग्रजी वृत्तपत्रांनी करसनदासांची तुलना जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्याशी केली. मुंबईत त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘इंदुप्रकाश’ या पत्राने मराठी वाचकांमध्ये विधवाविवाहाची चळवळ पुढे नेली. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. धर्म टिकवून त्यातील दोष दूर करावेत, ही भूमिका या सर्व प्रयत्नांमागे समान होती.

अमेरिकेतील समांतर घटना

धर्मगुरूंच्या शिकवणुकीला वृत्तपत्रातून आव्हान दिले जाण्याची घटना त्या शतकात केवळ मुंबईतच घडली नाही. अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली स्थापन केलेल्या मॉर्मन पंथातही असाच संघर्ष झाला. स्मिथ हे गुप्तपणे बहुपत्नीत्वाची शिकवण देतात आणि ती ईश्वरी आज्ञा असल्याचे सांगतात, असा आक्षेप त्यांच्याच काही माजी सहकाऱ्यांनी घेतला. इलिनॉय राज्यातील नॉवू या गावी त्यांनी ‘नॉवू एक्स्पॉझिटर’ हे वृत्तपत्र काढले. त्याचा एकमेव अंक ७ जून १८४४ रोजी प्रसिद्ध झाला. गावाच्या महापौरपदी स्मिथ स्वतःच होते. तीन दिवसांनी तो छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. या प्रकरणी स्मिथ यांना अटक झाली आणि २७ जून रोजी एका जमावाने तुरुंगावर हल्ला करून त्यांची हत्या केली.

स्मिथ यांच्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी यूटा प्रदेशात गेले. १८५२ साली बहुपत्नीत्वाची शिकवण जाहीर करण्यात आली. त्याच वर्षी ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याच्या लष्करी छावणीत त्यांनी प्रचार केला. बहुपत्नीत्वाच्या बातम्यांमुळे येथील इंग्रजी समाजात त्यांना विरोधच सहन करावा लागला. बहुपत्नीत्वाला बंदी घालणारा अमेरिकेतील पहिला केंद्रीय कायदा जुलै १८६२ मध्ये, म्हणजे मुंबईतील निकालानंतर तीन महिन्यांच्या आत झाला. श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य असले तरी श्रद्धेच्या नावाखाली केलेली प्रत्येक कृती कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली स्पष्ट केले. पंथाच्या नेतृत्वाने १८९० साली बहुपत्नीत्वाची प्रथा थांबवत असल्याचे जाहीर केले. संस्थापकांच्या अनेक विवाहांविषयी पंथाने स्वतःच्या लेखांतून सविस्तर कबुली २०१४ साली दिली.

या दोन घटनांमध्ये साम्य आहे तसा भेदही आहे. नॉवू येथे वृत्तपत्राचा छापखाना मोडला गेला आणि त्यापाठोपाठ रक्तपात झाला. मुंबईत बहिष्काराच्या धमक्या दिल्या गेल्या, तरी वादाचा निर्णय अखेर साक्षी-पुराव्यांनी झाला. दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारणारे लोक बाहेरचे नव्हते, तर त्या त्या पंथात वाढलेले होते.

अखेरची वर्षे

न्यायालयात यश मिळाले तरी समाजात करसनदासांचा मार्ग सोपा झाला नाही. कापसाच्या व्यापाराच्या निमित्ताने १८६३ साली ते इंग्लंडला गेले. परदेशगमनाच्या बंदीविरुद्ध त्यांनी अनेक वर्षे लिहिले होते आणि आता ती बंदी त्यांनी स्वतः मोडली. प्रकृती बिघडल्याने त्यांना लवकर परतावे लागले. परतल्यावर जातीने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. इंग्लंडमधील अनुभवांवर त्यांनी लिहिलेले ‘इंग्लंडमां प्रवास’ हे पुस्तक १८६६ साली प्रसिद्ध झाले. गुजरातीतील आरंभीच्या प्रवासवर्णनांमध्ये त्याची गणना होते. वल्लभ संप्रदायाचा इतिहास सांगणारा इंग्रजी ग्रंथ १८६५ साली लंडनमध्ये लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाला, तोही करसनदासांचाच मानला जातो. गुजराती-इंग्रजी शब्दकोशाचे कामही त्यांनी केले.

१८६७ साली मुंबई सरकारने काठेवाडातील राजकोट संस्थानाच्या कारभारासाठी त्यांची नेमणूक केली. त्यानंतर ते लिंबडी संस्थानात होते. प्रशासनात असतानाही सुधारणेचे काम त्यांनी सोडले नाही. १८७१ साली कपोळ समाजातील माधवदास रुगनाथदास यांनी धनकोरबाई या विधवेशी विवाह केला, त्याला करसनदासांचे साहाय्य लाभले. ज्या निबंधासाठी त्यांना तरुणपणी घर सोडावे लागले होते, त्या निबंधातील विचार त्यांच्याच समाजात असा प्रत्यक्षात उतरला. त्यानंतर थोड्याच काळात, २८ ऑगस्ट १८७१ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महिपतराम रूपराम या गुजराती सुधारकाने १८७७ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. महिपतराम यांनाही इंग्लंडला गेल्याबद्दल जातीबाहेर राहावे लागले होते.

मूल्यमापन

करसनदासांच्या कार्याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. या खटल्यामुळे धर्माचा अर्थ ठरवण्याचा अधिकार परकीय न्यायाधीशांकडे गेला, असे काही अभ्यासकांना वाटते. जे ग्रंथ प्राचीन तेच खरे आणि नंतरचा भक्तिमार्ग म्हणजे विकृती, हा विचारही आज सर्वांना मान्य नाही. पुष्टिमार्गाने संगीत, चित्रकला आणि भक्तिसाहित्य यांना दिलेले योगदान मोठे आहे आणि लाखो लोक आजही या मार्गाने उपासना करतात. १८६२ च्या निकालाने दोष ठेवला तो काही व्यक्तींच्या वर्तनावर, भाविकांच्या श्रद्धेवर नव्हे, हे विसरता येत नाही.

आणखी एक उणीव या प्रकरणात जाणवते. ज्या स्त्रियांवर अन्याय होत असल्याचे सांगितले जात होते, त्यांचा स्वतःचा आवाज या खटल्यात फारसा ऐकू येत नाही. त्यांच्याविषयी महाराज बोलले, सुधारक बोलले, डॉक्टर आणि न्यायाधीशही बोलले. समाजाने आणि घराने लादलेले मौन मोडून न्यायालयात उभे राहणे त्या काळातील स्त्रीला जवळजवळ अशक्य होते. पुढील पिढीत पंडिता रमाबाई आणि रखमाबाई यांच्यासारख्या स्त्रियांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, तेव्हा हे चित्र बदलू लागले.

या खटल्यावर आधारित ‘महाराज’ हा हिंदी चित्रपट जून २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. धार्मिक भावना दुखावल्या जातील अशा तक्रारीवरून गुजरात उच्च न्यायालयाने आधी त्याच्या प्रदर्शनाला तात्पुरती स्थगिती दिली आणि चित्रपट पाहिल्यानंतर ती उठवली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे प्रकरणही अद्याप संवेदनशील आहे, हे त्यावरून दिसून आले.

भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्याचा हक्क दिला आहे, तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. श्रद्धेचा आदर राखून श्रद्धेच्या नावाने चाललेल्या गैरवर्तनाला प्रश्न विचारता येतो, हे तत्त्व त्यात अंतर्भूत आहे. राज्यघटना अस्तित्वात येण्यापूर्वी नव्वद वर्षे, मुंबईतील एका लहानशा गुजराती साप्ताहिकाच्या संपादकाने हाच प्रश्न आपल्या धर्मगुरूंना विचारला होता.